नागपूरचें संत्रें आणि सरबताची बाटली

वैशाख उजाडला कीं नागपुरांत सकाळीं दहा-अकरालाच रस्ते ओस पडूं लागतात. पूर्वीं या दिवसांत दारां-खिडक्यांना वाळ्याचे तट्टे लावीत आणि त्यांवर दुपारभर पाणी शिंपीत. आतां ती जागा कूलरनें घेतली आहे, पण ऊन तेंच आहे. २३ मे २०१३ रोजीं येथें पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. अशा गांवांत उन्हांतून आलेल्या माणसाच्या हातीं कांहीं गार, गोड आणि किंचित् आंबट पेय देणें हा केवळ पाहुणचार नव्हे. तो औषधोपचारच म्हटला पाहिजे. त्यामुळें नागपूरच्या घरोघरीं पन्ह्या-सरबतांचा संसार मोठा असावा यांत नवल नाहीं. नवल आहे तें दुसरेंच. ज्या फळानें या शहराला साऱ्या देशांत नांव दिलें, त्या संत्र्याचें सरबत करून बाटलींत भरून ठेवण्याची रीत येथील जुन्या घरांत फारशी रुजलेली दिसत नाहीं. कैरी, चिंच, लिंबू, वाळा, बेल या साऱ्यांना स्वयंपाकघरांत मान होता. संत्रें मात्र सोलून खाण्याचें फळ राहिलें. असें कां झालें हें समजावयाचें तर आधीं पन्हें आणि सरबत यांतला भेद पाहिला पाहिजे, कारण तीं दोन्हीं गोड पाणींच असलीं तरी त्यांचीं कुळें निराळीं आहेत.

पन्हें हें घरचें आणि जुनें. शब्दच मुळीं संस्कृत 'पानक' यावरून आलेला. सुश्रुतसंहितेंत पानकांचे गुणदोष सांगितले आहेत, आणि बाराव्या शतकांतील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत अन्नभोगाप्रमाणेंच पानीयभोगासहि स्वतंत्र प्रकरण दिलेलें आहे. म्हणजे काय प्यावें, कसें प्यावें हा विषय राजानें विचार करण्याजोगा मानला जात असे. मराठी घरांत हें पानक चैत्रांत येतें. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हें हीं जोडीनेंच येतात. विदर्भांत त्याच्या पुढची पायरी अक्षय्य तृतीयेची, जिला तिकडे अखाजी म्हणतात. त्या दिवशीं पितरांच्या नांवानें पाण्याचा घट देतात आणि पानांत पन्ह्याबरोबर चिंचवणी, म्हणजे चिंचेच्या कोळांत गूळ घालून केलेलें आंबटगोड पाणी, वाढतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मेलेल्या माणसालाहि तहान लागत असेल ही कल्पना ज्या प्रदेशांत सुचली, तेथील ऊन कसें असेल हें निराळें सांगावयास नको.

पन्ह्याची कृति सर्वांना ठाऊक आहे. पण तींत एक शहाणपण दडलेलें आहे तें सहसा ध्यानांत येत नाहीं. कैरी कच्ची किसून पाण्यांत टाकली तर तिचा रंग लवकर काळवंडतो आणि चवहि तुरट लागते. तीच निखाऱ्यावर किंवा चुलीच्या गरम राखेंत भाजली, अथवा नुसती उकडली, कीं रंग काळा पाडणारें तिच्यांतील द्रव्य उष्णतेनें निकामी होतें, गर मऊ पडतो आणि त्यांतील चिकट अंशामुळें पन्ह्यास दाटपणा येतो. मग त्यांत गूळ, वेलदोडा, चिमूटभर मीठ. भांडें मात्र कल्हईचें हवें; नाहींतर आंबट पदार्थ पितळेंत कळकतो, आणि एकदां कळकलेलें पन्हें कोणत्याहि मसाल्यानें सुधारत नाहीं. थोडक्यांत, कैरीला जितका अग्नि द्यावा तितकी ती सुधारते. चिंचेचेंहि तसेंच. पिढ्यान् पिढ्या सुगरणींच्या हाताला हा नियम बसला होता, आणि पुढें संत्र्यानें फसविलें तें याच नियमाच्या जोरावर.

पण पन्हें टिकत नाहीं. तें आज करावें आणि आजच संपवावें. फार तर शिजविलेला गर गुळांत घोटून चारदोन दिवस ठेवावा. गूळ ओल धरतो आणि त्याच्या अंगच्या मळीमुळें तो पाण्यांत पडला कीं लवकर आंबूं लागतो. बाटलींत महिनोन्‌महिने उभें राहील असें गोड पाणी गुळाच्या राज्यांत होणें कठीणच होतें. त्याला पांढरी साखर पाहिजे होती, आणि ती सामान्य घरांत यावयास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडली.

येथें सरबताचें कूळ सुरू होतें. 'सरबत' हा शब्द अरबींतून फारशीच्या वाटेनें आपल्याकडे आला. त्याच्या मुळाशीं 'पिणें' हा धातु आहे. गंमत अशी कीं औषधाच्या दुकानांत जें 'सिरप' मिळतें तेंहि त्याच धातूपासून निघून, लॅटिन-फ्रेंच मुलूख फिरून, इंग्रजीच्या हातून आपल्यापर्यंत पोंचलें. एकच शब्द दोन दारांनीं घरांत शिरला: एका दारानें पाहुण्यासाठीं, दुसऱ्या दारानें आजाऱ्यासाठीं. हकीमांच्या यूनानी वैद्यकांत हे दोन उपयोग वेगळे नव्हतेच. गुलाब, वाळा, डाळिंब यांचीं सरबतें तीं औषधें म्हणूनहि देत आणि विसाव्याकरितांहि पाजीत.

साखरेची हकीकत मात्र इतकी गोड नाहीं. साखर करण्याची विद्या मुळांत याच देशाची. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत फाणित, गूळ, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशा तिच्या पायऱ्या दिलेल्या आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकांत बाजारांत जी स्वच्छ, दाणेदार, स्वस्त साखर आली ती मॉरिशस बेटावरून आली, आणि म्हणून मराठींत तिचें नांवच 'मोरस' पडलें. पुढें जावाची साखर आली. सोंवळ्या घरांना ही साखर चालत नसे. ती हाडांच्या कोळशांतून गाळून शुद्ध करतात ही गोष्ट फुटली होती, आणि ती निव्वळ अफवा नव्हती. त्या काळच्या कारखान्यांत खरोखरच तशी पद्धति होती. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळींत परदेशी साखरेवर बहिष्कार पडला, तेव्हां धर्म आणि राजकारण एका चमच्यांत आलें. नैवेद्याला गूळ किंवा देशी खडीसाखर, आणि रोजच्या वापराला मोरस, अशी तडजोड मग पुष्कळ घरांनीं केली. १९३२ सालीं देशी साखरधंद्यास जकातीचें संरक्षण मिळालें आणि पांचसहा वर्षांतच जावाची साखर बाजारांतून दिसेनाशी झाली. तेव्हांपासून पांढरी साखर निःशंक मनानें पातेल्यांत पडूं लागली.

बाटलीलाहि असाच इतिहास आहे. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. लोकांनीं दिलेल्या एकेका पैशांतून उभ्या राहिलेल्या या कामाचा लौकिक त्या वेळीं साऱ्या महाराष्ट्रांत गाजला. पुढें ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला. तरीहि बहुतेक घरांत सरबताची बाटली म्हणजे औषधाची किंवा दुसऱ्या कशाची तरी रिकामी झालेली, राखेनें घांसून, उन्हांत वाळवून, बूच उकळून घेतलेली बाटली असे. त्या घांसण्या-वाळविण्यावर सरबताचें आयुष्य अवलंबून असे, आणि तें काम बहुधा घरांतील मुलींकडे येई.

पाक करणें ही खरी कसोटी. साखर पाण्यांत विरघळवून ती उकळूं लागली कीं चमचाभर दूध घालावें. दूध फाटून मळी वर येते, ती झाऱ्यानें काढून टाकावी. दोन बोटांमध्यें एक तार सुटली कीं पाक झाला. या एकतारी पाकांत साखरेचें प्रमाण शेकडा ७० च्या आसपास असतें, आणि इतक्या दाट साखरेंत बुरशीला व आंबविणाऱ्या किण्वाला जगण्यापुरतें पाणीच मिळत नाहीं. पाक टिकतो याचें कारण एवढेंच. साखर पुन्हां तळाशीं बसूं नये म्हणून त्यांत लिंबू पिळतात. आम्लाच्या योगानें साखरेचा कांहीं भाग द्राक्षशर्करा आणि फलशर्करा यांत फुटतो व दाणा धरत नाहीं. वाळ्याचें सरबत असेल तर वाळ्याच्या मुळ्या स्वच्छ धुऊन रात्रभर पाण्यांत भिजत घालावयाच्या आणि त्याच पाण्यांत पाक करावयाचा. लाल अंबाडीच्या वाळविलेल्या पाकळ्यांचें सरबतहि वैदर्भीय घरांना अपरिचित नाहीं. त्याचा रंग इतका देखणा असतो कीं बाहेरचा माणूस त्यांत कांहीं तरी रंग मिसळला आहे असेंच समजतो.

लिंबाची रीत थोडी निराळी. जाणत्या बायका लिंबाचा रस उकळीत नाहींत. रसाच्या दुप्पट साखर घालून बरणीला दादरा बांधतात आणि ती चारसहा दिवस उन्हांत ठेवून साखर आपली आपण विरघळूं देतात. किंवा पाक पुरता निवाल्यावरच त्यांत रस घालतात. ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. संत्र्याच्या कोड्याचें निम्में उत्तर या उन्हांतल्या बरणींत होतें.

संत्र्याच्या नांवाविषयीं एक वाद आहे. पोर्तुगालमधील सिंत्रा या गांवावरून 'संत्रें' झालें असें पुष्कळदां सांगण्यांत येतें. पण १५३० सालीं मरण पावलेल्या बाबरानें हिंदुस्थानच्या फळांत 'संगतरा' नोंदविलेला आहे, आणि पोर्तुगीज या देशांत आले १४९८ सालीं. इतक्या थोड्या अवधींत त्यांचा शब्द उत्तरेंतल्या बागांपर्यंत जाऊन रुळला असेल हें पटत नाहीं. नागपूरकडे तर हा शब्द पुल्लिंगी आहे. तेथें 'संत्रा' गोड असतो, पुण्यामुंबईकडे 'संत्रें' गोड असतें, फळ एकच. नागपुरास तें रघूजी भोसल्यांनीं अठराव्या शतकांत औरंगाबादेहून रोपें आणून आपल्या बागेंत लावलें, अशी परंपरा आहे. राजवाड्याच्या बागेंतून तें काटोल, कळमेश्वर, सावनेर, नरखेड आणि तिकडे अमरावती जिल्ह्यांत वरूड-मोर्शीपर्यंत पसरलें. काळी, पाण्याचा निचरा होणारी जमीन आणि कोरडी हवा त्याला मानवली. १८६७ सालीं मुंबईहून आगगाडी नागपुरास पोंचली आणि राजाच्या बागेंतील फळाला मुंबईची पेठ मिळाली. २०१४ मध्यें नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनहि लाभलें.

आतां या फळाचें वेळापत्रक पाहावें. संत्र्याला मुख्यतः दोन बहार येतात. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास धरणारा तो आंबिया बहार. त्याचीं फळें ऑक्टोबर ते डिसेंबरपर्यंत उतरतात. उन्हाळ्यांत झाडांचें पाणी तोडून ताण दिला कीं मृगाच्या पावसाबरोबर फुटणारा तो मृग बहार. त्याचीं फळें फेब्रुवारी ते एप्रिलच्या आरंभापर्यंत चालतात. मे महिन्यांत झाडावर काढण्याजोगें फळ नसतें. ज्या महिन्यांत नागपूर तहानेनें व्याकूळ होतें नेमका त्याच महिन्यांत नागपूरचें फळ संपलेलें असतें! कैरी उन्हाळ्याबरोबर येते, म्हणून तिला बाटलीची गरज पडली नाहीं. संत्रें बाटलींत भरल्याखेरीज वैशाखापर्यंत पोंचूंच शकत नव्हतें. आणि फळाची गर्दी झाली कीं बाजारांत त्याचे भाव पडतात. पडलेल्या भावांत टोपल्यांनीं घरीं आलेलीं संत्रीं पाहून कोणत्या गृहिणीला सरबताचा मोह होणार नाहीं?

मोह होई आणि फजिती होई. कैरीच्या आणि पाकाच्या संवयीनें रस काढून साखरेबरोबर उकळला जाई. गरम असतांना चव बरी लागे. दुसऱ्या दिवशीं तोच रस कडू. अधिक साखर घातली तर अधिक साखर वायां. न उकळतां लिंबाप्रमाणें ठेवावा, तर चारआठ दिवसांत फेंस येई आणि एखाद्या रात्रीं बूच उडून भिंतीवर शिंतोडे उमटत. उकळावें तर कडू, न उकळावें तर आंबट दारू. अशा कात्रींत हें फळ धरलेलें होतें. दोष अर्थातच करणारीच्या हातावर जाई. साल लागली असेल, बिया चुरडल्या असतील, भांडें नीट नसेल, हात ओला असेल. १९४२ सालीं साखरेवर नियंत्रण आलें. तें १९४७ च्या अखेरीस उठलें आणि १९४९ मध्यें पुन्हां बसलें. शिधापत्रिकेवर मोजून मिळालेली साखर अशा रीतीनें मोरींत ओतण्याची पाळी जिच्यावर आली तिला पुढच्या वर्षीं तो प्रयोग करण्याचा धीर झाला नसेल तर तिला नांवें ठेवतां येणार नाहींत.

वास्तविक सुगरणीचा दोष फार थोडा होता. संत्र्याच्या बिया आणि फोडींवरचीं पांढरीं आवरणें यांत एक द्रव्य असतें. फळ अखंड असतांना तें मुळींच कडू नसतें. फळ पिळलें, आवरणें फाटलीं, कीं तें द्रव्य रसांतील आम्लाशीं भेटतें आणि हळूहळू लिमोनिन नांवाच्या अतिशय कडू पदार्थांत पालटतें. हें पालटणें थंडींत कांहीं तासांचें काम. अग्नीवर तें झपाट्यानें होतें. म्हणून ताजा रस गोड आणि शिळा किंवा शिजविलेला रस कडू. लिमोनिन रसायनशास्त्रज्ञांना १८४१ पासून ठाऊक होतें, पण त्याची पुरती रचना १९६० च्या सुमारास उलगडली आणि कडूपणा मागाहून कां येतो याचा खुलासा १९६८ सालीं अमेरिकेंतील मायर व बेव्हर्ली यांनीं केला. म्हणजे जें कोडें नागपूरच्या स्वयंपाकघरांत दर हंगामाला पडत होतें तें जगांतल्या कोणालाच तोंवर नीट सुटलेलें नव्हतें. आणि आंबण्याचें कारण याहून साधें. लिंबाच्या रसांत आम्लाचें प्रमाण शेकडा ५ ते ७ असतें, संत्र्याच्या रसांत शेकडा एकाहूनहि कमी. लिंबाला स्वतःचें रक्षण करतां येतें; संत्र्याला येत नाहीं.

तेव्हां उपाय असा पाहिजे होता कीं रसाला अग्नि लागूं नये आणि तरीहि तो आंबूं नये. हा उपाय तीन ठिकाणांहून आला. लीथ बंदरांतील लॉकलन रोझ यानें, दारू न घालतां केवळ साखरेच्या साह्यानें लिंबाचा रस टिकविण्याच्या कृतीचें पेटंट १८६७ सालीं घेतलें. नागपुरास आगगाडी आली तेंच हें वर्ष. दुसरा भाग लिंबाच्या सत्त्वाचा. शेले या स्वीडिश शास्त्रज्ञानें तें १७८४ मध्यें लिंबाच्या रसांतून वेगळें काढलें होतें, पण १९१७ नंतर बुरशीच्या साह्यानें साखरेपासून तें करण्याची युक्ति निघाली आणि मग तें पुडींतून स्वस्तांत मिळूं लागलें. तिसरा भाग गंधकाचा. युरोपांत द्राक्षाची दारू भरण्यापूर्वीं पिंपांत गंधक जाळण्याची चाल फार जुनी आहे; त्याच गंधकाच्या धुराचा अंश पोटॅशियम मेटाबायसल्फाइट या पांढऱ्या भुकटीच्या रूपानें बाटलींत घालतां येऊं लागला.

या तिन्ही गोष्टी एकत्र येऊन जी कृति झाली तिला इंग्रजींतून 'स्क्वॉश' हें ओबडधोबड नांव मिळालें, आणि तेंच आतां मराठी आहे. पूर्ण पिकलेलीं फळें घ्यावीं, कारण कच्च्या फळांत कडूपणाचें मूळ अधिक. साल व शिरा काढून, बी न चुरडतां, हलक्या हातानें रस काढून तो गाळावा. एक लिटर रसास सुमारें पावणेदोन किलो साखर आणि एक लिटर पाणी यांचा पाक वीस-पंचवीस ग्रॅम लिंबूसत्त्व घालून उकळावा, गाळावा आणि अगदीं थंड होऊं द्यावा. हात लावून पाहिला तर ऊब लागतां कामा नये. मगच रस मिसळावा. शेवटीं अडीच ग्रॅमच्या आंत ती भुकटी चमचाभर पाण्यांत विरघळवून घालावी आणि बाटली गळ्याशीं बोटभर रिकामी ठेवून बूच घट्ट बसवावें. भुकटीचें प्रमाण नजरेनें ठरवूं नये. दम्याच्या रोग्यांना ती बाधते, आणि डाळिंब किंवा जांभूळ यांच्या रसांत घातली तर त्यांचा रंगच उडवून टाकते. तेथें सोडियम बेंझोएट वापरतात. उन्हांत बरणी ठेवणाऱ्या बाईला या कृतींत नवें असें काय होतें? रसाला अग्नि दाखवूं नये हें ती लिंबाच्या बाबतींत आधींपासून पाळीतच होती. तिला फक्त उरलेलें अर्धें ठाऊक नव्हतें.

पुढचा भाग थोडक्यांत सांगण्यासारखा आहे. १९५० सालीं म्हैसूरास अन्नतंत्राची केंद्रीय संशोधनसंस्था निघाली. १९५५ च्या फळपदार्थ आज्ञेनें स्क्वॉशमध्यें निदान शेकडा २५ फळाचा रस असलाच पाहिजे असा दंडक घातला. नुसत्या रंगीत पाण्याला फळाचें नांव देणाऱ्यांना त्यामुळें आळा बसला. ती आज्ञा नंतर २००६ च्या अन्नसुरक्षेच्या कायद्यांत सामावली गेली. नागपुरांत संत्रेंबागाइतदारांच्या संघानें फळप्रक्रियेचा उद्योग चालविला. त्याच्या इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांवरून 'नोगा' हें नांव झालें आणि पुढें तो महाराष्ट्र कृषि उद्योग विकास महामंडळाकडे आला. मात्र कारखान्याला जें जमलें तें पाहून घरांत धीर आला, असेंच कांहीं झालेलें दिसतें. फळें टिकविण्याचे वर्ग निघाले, भुकटीच्या लहान पुड्या दुकानांत मिळूं लागल्या, आणि मृगाचीं शेवटचीं फळें उतरलीं कीं बाटल्या धुऊन वाळत घालण्याचें काम कांहीं घरांत वार्षिक रीतीचें झालें. त्या बाटल्या आंतल्या काळोख्या कपाटांत ठेवतात, कारण उजेडांत रंग जातो. आणि त्या बाहेर निघतात मे महिन्यांत, जेव्हां बाजारांत संत्रें नसतें.

अखाजीच्या पानावर मात्र चिंचवणी आणि पन्हेंच वाढलें जातें. बाटली त्या दिवशीं कपाटांत राहते.